सूज म्हणजे गळती नव्हे

गेल्या आठवड्यात मावशीने एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘हे खरे आहे का रे? मग गोळ्या थांबवू का?’ मावशीला मधुमेह आहे आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झालेली आहे. संदेश सांगतो की सूज आली म्हणजे रक्तवाहिनीची भिंत फाटली. तिच्यातून गळलेल्या पांढऱ्या पेशी नासल्या की पू होतो, तो सुईने टोचून काढावा. हळदीच्या काढ्याने भिंत ‘सील’ केली की पेशी बाहेर पडतच नाहीत. आणि तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर शरीर जिंकत आहे असे समजून प्रतिजैविके बंद करावीत.

भिंत फाटत नाही. फाटली असती तर पांढऱ्यांच्या आधी तांबड्या पेशी बाहेर आल्या असत्या, कारण रक्तात त्या शेकडो पटींनी जास्त असतात. जर्मन रोगशास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी 1867 मध्ये बेडकाच्या आतड्याला धरून असलेला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून जे पाहिले, ते आजही कायम आहे: सूज येऊ लागली की बारीक शिरांमधल्या पांढऱ्या पेशी कडेला येतात, भिंतीला चिकटतात आणि अखंड भिंतीतून एकेक करून पलीकडे जातात. जखमेजवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू उगवतात, त्यांत अडकत पेशी घरंगळते. मग तिच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे रेणू घट्ट पकड घेतात आणि ती अस्तराच्या दोन पेशींच्या सांध्यातून अंग चोरून निसटते. या काळात सांधे सैल होऊन रक्तातला द्रव पाझरतो आणि त्यानेच भाग फुगतो, एवढे अर्धसत्य संदेशाच्या पदरात टाकायला हरकत नाही.

खरा संताप येतो तो ‘सील’ या शब्दाचा. पेशी बाहेर पडू नयेत ही इच्छा किती भयंकर आहे, हे ज्या मुलांमध्ये जन्मतःच इंटिग्रिनचा एक घटक सदोष असतो त्यांच्याकडे पाहिले की कळते. त्यांची नाळ आठवडेच्या आठवडे गळून पडत नाही, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, जखमा भरत नाहीत आणि संसर्गाच्या जागी पू धरत नाही, कारण पू धरायला पेशी तिथवर पोहोचायला हव्यात. तीव्र प्रकारात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले नाही तर यांतली बहुतेक मुले लहानपणीच दगावतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देण्यासाठी नॅटालिझुमॅब हे औषध मुद्दाम इंटिग्रिनची वाट अडवते. अमेरिकेत 2004 मध्ये त्याला मान्यता मिळाली, मेंदूच्या एका घातक विषाणुसंसर्गामुळे 2005 मध्ये ते मागे घ्यावे लागले आणि 2006 मध्ये कडक अटींवर परत आले. जी वाट अडवताना तज्ज्ञ एवढे जपून पावले टाकतात, ती चमचाभर काढ्याने बंद करायला हा संदेश निघाला आहे!

वाढलेल्या आकड्याचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. वर सांगितलेल्या मुलांच्या रक्तात पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात, कारण त्या बाहेरच पडू शकत नाहीत. स्टेरॉइड घेतल्यावरही भिंतीला टेकलेल्या पेशी प्रवाहात येऊन आकडा वाढतो. तेवढ्यावरून औषध बंद करणे हा निव्वळ अविचार आहे.

हळदीबद्दल नाइलाजाने एवढे मान्य करतो की प्रयोगशाळेत हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाने अस्तरावरचे चिकट रेणू कमी झालेले आढळले आहेत. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. भाजीत हळद घालावी, तिला औषधाच्या जागी बसवू नये.

राहिली सुई. पू म्हणजे नासलेले रक्त नव्हे. जंतूंशी झुंजून मेलेल्या न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी, जंतू आणि विरघळलेल्या ऊती यांचा तो साठा असतो. गळू फोडायचे तर ते डॉक्टरांनी निर्जंतुक हत्याराने, कारण घरच्या सुईने नवे जंतू खोल जातात. साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिल आधीच मंदावतात, आणि मावशीच्या पायाची संवेदना तर गेली दोन वर्षे कमी झालेली आहे. सुई कितपत आत गेली हे तिला कळलेही नसते. गोळ्या चालू ठेव आणि उद्याच पाय डॉक्टरांना दाखव, असे मी तिला कळवले आहे.