‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या छापखान्याला दोन तारे देऊन लिहिलंत की आईंच्या कवितासंग्रहात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ची चार ठिकाणी ‘दर्या’ झाली, ल आणि श हिंदी वळणाचे आले, आणि ‘असलं जुनाट सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसण्यापेक्षा फेकून द्या, नवीन घ्या’. तुम्ही दाखवलेल्या सगळ्या चुका खऱ्या आहेत आणि आमच्या आहेत. तुम्ही वाचून सही केलेल्या प्रुफात त्या नव्हत्या. हे इथे मुद्दाम लिहितो, नाहीतर घरच्यांनीच प्रूफ नीट वाचलं नाही असं कुणाला तरी वाटेल.

झालं ते असं. तुमचं प्रूफ जुन्या फॉन्टमध्ये होतं. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त डोळ्यांना दिसतं, फाइलच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात. तुम्हाला ई-बुकही हवं होतं, म्हणून सही झाल्यावर आम्ही मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलला आणि छपाईही त्याच फाइलवरून केली. बदलल्यानंतर पुन्हा प्रूफ काढायला हवं होतं. ते काढलं नाही, ही पहिली चूक.

दुसरी चूक मला जास्त लागली आहे. हा बदल करणारा छोटा प्रोग्राम आम्ही दुकानासाठी करून घेतला होता. ‘दऱ्या’मधला तो आडवा अर्धा र तो बरोबर आणायचा, पण साधा र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह अशा रीतीने. त्याच्या पुढच्या पायरीला मजकूर ‘साफ’ होताना न दिसणारी सगळी चिन्हं पुसली जायची. ते जोडचिन्ह गेलं की र चढून य वर रफार होतो. ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ झालेलं आणि ‘तऱ्हा’चं ‘तर्हा’ झालेलं शब्दतपासणीत लाल दिसायचं, आमचा ऑपरेटर ते हाताने नीट करायचा आणि पुढे जायचा. वर्षभर हेच चाललं होतं. हे पुन्हापुन्हा का होतंय, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तो धड शब्द आहे, त्याखाली लाल रेघ येत नाही. म्हणून तुमच्या आईंच्या डोंगरात समुद्र आला.

आता ‘फेकून द्या’बद्दल. निम्मं मला पटलं आहे. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची, तरी त्यातल्या फाइलींसाठी आम्ही एक जुना संगणक जपून ठेवला आहे. नवीन कामासाठी त्याला हात लावायचा नाही, हे ठरलं. यापुढे पहिल्या अक्षरापासून युनिकोड. पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर इनडिझाइन आमच्याकडे आहेच. तसंच स्क्राइबस फुकट मिळतं, पण त्याच्या १.४ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नसत, म्हणून ते बाजूला ठेवलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये १.६ आली, तिच्यात ती जुळतात. लहान पुस्तकांसाठी तिच्यावर काम सुरू केलं आहे.

पण ताई, तुमचं पुस्तक नव्या सॉफ्टवेअरमध्येच लागलं होतं. बिघाड तिकडे नेताना झाला. नवं घर कितीही चांगलं बांधलं तरी सामान जुन्या घरातूनच न्यावं लागतं, आणि आमच्याकडे २० वर्षांच्या फाइली आहेत: गावोगावच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, ज्यांचे लेखक आता नाहीत अशी पुस्तकं. तो प्रोग्राम टाकून दिला तर ही सगळी पुस्तकं पुन्हा टाइप करावी लागतील, आणि टाइप करताना नव्या चुका होतील. म्हणून तो दुरुस्त केला. युनिकोडमध्ये नुक्ता (खालचं टिंब) असलेल्या ऱ ला स्वतःची जागा आहे. आता प्रोग्राम ऱ आणि हलन्त वापरतो, त्यामुळे पुसलं जाण्यासारखं काही मध्ये उरत नाही. साफसफाईची ती पायरीही काढून टाकली. दऱ्या, वाऱ्या, कऱ्हाड, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ असे शब्द असलेलं एक पान केलं आहे. प्रोग्रामला कुणीही हात लावला की आधी ते पान छापून डोळ्यांनी वाचायचं.

ल आणि श यांत मात्र सॉफ्टवेअरचा दोष नाही. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं होती, मजकुराची भाषा हिंदीवर राहिली होती. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीचे, २००९ च्या शासन निर्णयातही तेच आहेत. मराठी छापखान्यात हे राहून जावं याची मला लाज वाटते.

तुमच्या सगळ्या ३०० प्रती आम्ही नव्याने छापून देतो आहोत, कागद आणि बांधणीसकट आमच्या खर्चाने. ज्या प्रती नातेवाइकांकडे गेल्या आहेत त्या परत मागू नका, आम्ही त्यांच्या पत्त्यावर नवी प्रत पाठवू. नवं प्रूफ शेवटच्या फाइलवरून कागदावर काढून ठेवलं आहे. मी ते हस्तलिखिताशी ताडून दोनदा वाचलं, पण आईंचं अक्षर तुम्ही जास्त ओळखता. ३७ व्या पानावर एक शब्द ‘झऱ्या’ आहे की ‘झारी’, हे मला लागत नाही. तेवढं तुम्ही येऊन सांगितलंत की छपाईची प्लेट करायला देतो.