वाडा दिला की भाड्यानं दिला?

समायोजनाचा कागद आल्यापासून आमच्या पारावर दुसरा विषय नाही. मुलींची शाळा नंबर १ आता मुलांच्या शाळेत जाणार, पट नाही म्हणून. काल संध्याकाळी नाना आले तेच मफलर सोडत ओरडले, "पाटीचं काय करणार? आमच्या आजोबांचं नाव आहे तिच्यावर!"

"घरी न्या की, देव्हाऱ्यात ठेवा," पिंट्या म्हणाला.

"इतिहास साक्षी आहे! आजोबांनी शाळेला वाडा दिला नसता तर या गावातल्या बाया आजही अंगठेबहाद्दर असत्या."

हे वाक्य नाना गणपतीच्या मीटिंगला म्हणतात, लग्नात म्हणतात, एकदा तर दशक्रियेला नदीवर म्हणाले होते. आम्ही माना डोलावतो आणि चहा पितो. काल मात्र भाजीची पिशवी घेऊन बाई पाराच्या पायरीवर टेकल्या होत्या. बाई त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्यासमोर नानांनी हा विषय काढायला नको होता.

"वाडा दिला नाही, नाना. भाड्यानं दिला. तेव्हा शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाकडून भाडं घेतल्याच्या पावत्या कपाटात आहेत, तुमच्या आजोबांच्या मोडी सहीच्या."

वकिलाला ठसका लागला.

"नाममात्र भाडं असणार," नाना म्हणाले.

"असेल. पण पैसे कुणाचे? १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड घेत होते, त्यातला तिसरा हिस्सा शाळांना. आणा भरायचा कुणब्यानं आणि शाळा भरायची गावठाणातल्या वाड्यात. कष्टकऱ्याच्या पैशावर वरचे लोक शिकतात, हे जोतीरावांनी १८८२ ला शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनला लिहूनच दिलं होतं."

"ते खरं, पण शेवटी मिशनरी आले म्हणून मुलींच्या शाळा निघाल्या ना?" वकिलाला कुठल्याही वादात दुसरी बाजू घेतल्याशिवाय चैन पडत नाही. घरीही असंच करतो, म्हणून तर रोज पारावर असतो.

"मिशनच्या बायकांचं ऋण आहेच. नगरला फॅरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव त्या जाऊन पाहून आले. पण १८४८ ला भिडेवाड्यात शिकवायला उभी राहिली ती नायगावची सावित्री. वय वर्षं १७. अंगावर शेण पडायचं म्हणून जादाचं लुगडं घेऊन निघायची. सासऱ्यांनी घर सोडायला लावलं तेव्हा आसरा दिला उस्मान शेखांनी. त्यांनी भाड्याची पावती फाडल्याचं मी तरी ऐकलं नाही."

नाना मफलर पुन्हा गुंडाळायला लागले.

पिंट्यानं मग सरळ विचारलं, "पण बाई, आता मुलींची वेगळी शाळा हवीच कशाला? बसू द्या की एकत्र."

"बसू दे ना. मी कुठं नाही म्हणते? तेव्हा वेगळी शाळा नसती तर कुणी पोरगी पाठवलीच नसती, म्हणून ती निघाली. बडोद्याला सयाजीरावांनी १९०६ ला सक्ती केली, तीसुद्धा मुलांना १२ वर्षांपर्यंत आणि मुलींना १० पर्यंत. पुढं लग्नं असायची. मला काळजी आहे रजिस्टरची. सामान हलवताना ते रद्दीत गेलं तर?"

ते जनरल रजिस्टर मी पाहिलंय. शेजाऱ्यांच्या जात पडताळणीसाठी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाईंनी नोकरीत असताना ते स्वखर्चानं पुन्हा बांधून घेतलं होतं, तरी पानांच्या कडा हाताला लागून गळत होत्या. शेवटचा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण'. लग्न. लग्न. सासरी गेली. लग्न. मध्येच एक ओळ: 'लहान भावास सांभाळणे'. दोन पानांनंतर तेच नाव पुन्हा दाखल आणि शेऱ्यात, 'सोबत लहान भाऊ आणते'. भावाला काखेत घेऊन ती पोरगी पुन्हा पहिलीत बसली होती. शाईचा तो शेरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शेजाऱ्यांना हवी ती नोंद सापडली. त्यांच्या सख्ख्या आत्याची होती.

"दोन वर्षं शाळेत गेली बिचारी," बाई म्हणाल्या, "आणि तेवढ्या दोन वर्षांवर आज तिच्या भाच्याचं काम झालं. पाटी कुठंही लावा नाना, रजिस्टर सांभाळा. आणि एक विचारू? तुमच्या आत्यांचं नाव त्यात का नाही? शाळा त्यांच्याच घरात होती."

पार एकदम गप्प झाला. नाना रागावणार असं मला वाटलं. पण ते खाली बघत म्हणाले, "आजोबांनी बसू नाही दिलं. चारचौघींच्या पोरींत नको म्हणाले. आत्या माडीवर बसून ऐकायची. खाली पोरी पाढे म्हणायच्या, वर ही. म्हातारपणी दुधाचा हिशेब करायची पावकी-औटकीच्या पाढ्यांनी, गवळ्याला घाम फुटायचा."

नानांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. आजोबांच्या पाटीपेक्षा मला ही आत्या मोठी वाटली, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"तुम्हाला येते का औटकी?" बाईंनी विचारलं.

"न यायला काय झालं! लहानपणी घडाघडा म्हणायचो."

"पाच औटं?"

नाना आकाशाकडं बघायला लागले. वकील बोटं मोजायला लागला. पिंट्यानं मोबाईल काढला आणि विचारतो, "औट म्हणजे किती टाकू?"

"साडेतीन. पाच औटं साडेसतरा," टपरीवरून मावशी म्हणाली. ग्लास विसळता विसळता, मागं न बघता.

"मावशी, तू कुठं शिकलीस?"

"मी कुठली? आईनं पाठ करून घेतली. आई जायची ना ह्या शाळेत. दुसरीत नाव काढलं तिचं."

बाई पिशवी तिथंच ठेवून उठल्या, टपरीकडं गेल्या. "आईचं माहेरचं आडनाव सांग बरं," म्हणाल्या, "उद्या शोधते."

"शोधा. पण आधी ह्या पिंट्याची उधारी शोधा, ती कुठल्या पाढ्यात बसंना झालीय."

नाना सगळ्यांत मोठ्यानं हसले. पिंट्यानं त्यांच्याकडंच शंभर रुपये उसने मागितले.