एका बिडीची लिफ्ट

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत दोन ओळींमधून जाईल असा २४ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतला. आठव्या दिवशी त्याची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबानं उचलून धरणारी यंत्रणा, सुटायला लागली. झालं प्रास्ताविक.

रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं मागचं अवजार, वर उचलायचा, लिव्हर वरच ठेवायचा, आणि रोटर आपला हळूहळू खाली. इंजिन चालू असलं की आणखी तमाशा. तो खाली बसतो, पंप त्याला परत उचलतो, तो परत बसतो. कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्याची मान जशी.

उचलतोय म्हणजे पंपाला बोल लावता येत नव्हता. नुसता कण्हून उचललाच नसता, तर तेल कमी, जाळी तुंबलेली किंवा पंप गेलेला. पण इंजिन बंद करूनही खाली येतोय म्हणजे कोंडलेलं तेल कुठून तरी निसटतंय. पिस्टनच्या ओरिंगमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून, नाहीतर तेल आत-बाहेर सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून. दोघांतला चोर कोण, याचा विचार करत मी उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"कितीला घेतला?"

तात्या. आठ दिवसांत सहाव्यांदा हाच प्रश्न. पहिल्यांदा मी खरा आकडा सांगितला, ते "आरारा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी २० हजार कमी करून सांगितला, तरी "आरारा"च. नंतर मी नुसता हसायला लागलो. मी बँकेत कर्जाच्या फायली बघतो. व्यवहारातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो त्या "आरारा"खाली आला.

लिफ्टचं सांगितल्यावर तात्यांनी ट्रॅक्टरच्या पाठीला कान लावला. इंजिन बंद होतं. तरी बराच वेळ ऐकलं.

"वजन पायजे त्याला. मी बसतो वर. उचल."

"तात्या, पडाल."

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीया मी. उचल."

रोटरच्या पत्र्यावर बूड टेकून ते बसले. मी उचललं, इंजिन बंद केलं. तात्यांनी बिडी पेटवली आणि त्यांच्या खिलारी बैलाची गोष्ट काढली. बैल कसा गाळात बसला, त्यांनी शेपूट कशी पिरगाळली. बैल उठत होता आणि तात्या खाली येत होते. आधी चपला मातीला लागल्या. मग गुडघे वर यायला लागले. बैल गाळातून बाहेर पडला तेव्हा तात्यांचे गुडघे छातीपाशी होते आणि बिडी संपली होती. आपण खाली आलोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एक बिडी. पुढे मिस्त्रीलाही मी फोनवर तेवढंच सांगितलं, आणि त्याला बरोबर कळलं.

तात्यांना पुन्हा वर चढवलं. सीटमागचं झाकण काढून आत बॅटरी मारली. सिलिंडरच्या तोंडातून तेलाची बारीक धार लागलेली. चोर ओरिंगच. वर तेलाचा रंग आमच्या कॅन्टीनच्या चहासारखा, म्हणजे आत पाणीही शिरलेलं.

तात्या वरूनच वाकून म्हणाले, "ही धार जुनीच हाय. पाडव्याला बी हुती."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्या साडूचाच ट्रॅक्टर न्हवं का ह्यो! लिफ्ट धरंना म्हणून तर काढला त्यानं."

"मग मला सांगायचं ना!"

"तू इचारलंस कुठं? मी तर रोज इचारतोय. साडू काय आकडा सांगंना, तू बी सांगंनास."

या साडूंनी मला ट्रॅक्टर भल्या पहाटे दाखवला होता, मागे हलका फण लावून. इंजिन बंद करू दिलं नाही, "बॅटरी उतरलीया, परत सुरू व्हायचा नाही." गार तेल घट्ट असतं, गळायला वेळ घेतं. तापलं की पातळ होऊन सुटतं. हे मला आता कळतंय. तेव्हा मी टायर दाबून बघत होतो, भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबतात तसे. मग त्यांनी हात पुढे केला, "शब्द म्हणजे शब्द," आणि मी तो हात धरला.

हा लिफ्टचा धंदाच हस्तांदोलनात बुडालेला दिसतो. अवजार तीन जागी धरणारी ही लिफ्ट रूढ करणाऱ्या हॅरी फर्ग्युसनने १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसता हात मिळवून करार केला होता. तो मोडला, कोर्टात गेला, आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. मला साडूंनी फोनवर "चालायचंच" एवढं दिलं.

ओरिंग आणि तिची बॅकअप रिंग मिळून १८० रुपये. तिच्यापर्यंत पोचायची मजुरी २,२००. सगळं तेल बदललं ते वेगळं, आणि मिस्त्री "उद्या येतो" म्हणून चौथ्या दिवशी आला ते त्याहून वेगळं. छाटणीनंतरची रानातली कामं तोवर तशीच पडून.

काल चाचणीला तात्या स्वतःहून येऊन बसले. पहिली बिडी संपली. दुसरी संपली. रोटर जागचा हलला नाही. तात्यांनी खाली लोंबणाऱ्या पायांकडे बघितलं, तोंड वाकडं केलं आणि तिसरी पेटवता पेटवता विचारलं,

"मिस्त्रीनं किती घेतलं?"