तो व्हिडिओ मीही पुढे पाठवला होता

बेळगावात निवडणूक लागली की आधी फोन तापतात. सकाळी सातला घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ, आठला शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर तोच, आणि दुपारच्या आत भावकीच्या ग्रुपवर त्याच्यावरून भांडण. गेल्या आठवड्यात त्या भांडणात मीही तेल ओतलं. म्हणून हे लिहितेय.

व्हिडिओ जेमतेम मिनिटभराचा. बाजारातल्या एका मराठी दुकानाची काच फुटलेली, पाटी खाली पडलेली, मागे आरडाओरडा. दुकान ओळखीचं, मालक ओळखीचे. डोळ्यांत पाणी आलं. 'आता तरी जागे व्हा' असं वर लिहून मी तो तीन ग्रुपवर टाकला. त्यातला एक आमच्या गल्लीचा होता आणि त्यात शेजारच्या काकूही आहेत. त्या घरी कानडी बोलतात. बावीस वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. संक्रांतीला त्यांच्याकडून एळ्ळू-बेल्ल, म्हणजे त्यांचा तीळगूळ, येतं, दिवाळीला आमच्याकडून फराळ जातो. रोज संध्याकाळी त्या आमच्या परसातला कढीपत्ता तोडायला येतात. त्या संध्याकाळी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून मी बाजारात गेले. पाटी जागच्या जागी होती. मालक उदबत्ती लावत होते. मी विचारलं तर म्हणाले, "टीचर, ते दोन-तीन वर्षांमागचं हो. काच फुटली होती तेव्हा. पाटी नवीन घातली की मी. आता कुणी काढलंय ते वर?"

कुणी काढलंय, हाच तर प्रश्न आहे. आणि नेमकं आताच का?

घरी येऊन तिन्ही ग्रुपवर लिहिलं, व्हिडिओ जुना आहे, न विचारता पुढे पाठवला, चूक माझी. दोघांनी हात जोडले. एका भाच्याने विचारलं, "मावशी, तू नक्की कुणाच्या बाजूची?"

त्याला उत्तर द्यायचंच आहे. मी मराठीच्या बाजूची आहे. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, मागच्या वर्षी निवृत्त झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला आमचा हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून दर 1 नोव्हेंबरला आमच्या घरात काळा दिवस पाळलाय. वडिलांचं बोट धरून मी फेरीत चालले आहे. म्हातारी माणसं कानडी अर्ज हातात घेऊन वाचून दाखवणारा कुणी भेटतोय का म्हणून कचेरीच्या दारात ताटकळतात, ते मी अजून बघते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी हे घटनेच्या 350अ कलमात लिहिलंय, आणि तरी शाळेत मराठी शिक्षकाची जागा भरून घेताना आमच्या नाकी नऊ यायचे. 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांनी हे सगळं विसरायला सांगू नये. मी विसरणार नाही.

पण या दुःखाचं करायचं काय, हे याच मातीने एकदा दाखवून दिलंय. 1996 च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे होते. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. हा भाग महाराष्ट्रात यावा या मागणीकडे, सीमाप्रश्नाकडे, दिल्लीने बघावं म्हणून साध्यासुध्या माणसांनी पाचशे-पाचशे रुपये अनामत भरली. एवढी नावं छापायची कशी, असा पेच सगळ्या देशाला दिसला. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत दहा हजार झाली. दगड न उचलता, कुणाची पाटी न फोडता आमची माणसं एवढं करू शकली, याचा मला आजही अभिमान वाटतो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ही मागणी लावून धरणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देणारे श्रद्धेने देतात, राष्ट्रीय पक्षांना देणारेही आपल्या परीने विचार करून देतात. पण आमच्या गल्लीत काच फुटली म्हणून त्या दाव्याचा कागद एक इंचही हलत नाही, हलतं ते फक्त कुणाचं तरी मताधिक्य.

निवडणुकीच्या ड्यूट्या मी पुष्कळ केल्या. उजाडायच्या आत मॉक पोल, निदान पन्नास मतं टाकून बघायची, ती पुसायची, मग सील. शाईची बाटली बहुतेक वेळा माझ्याकडे असायची. एकदा विणकर वस्तीतलं बूथ मिळालं. बायकांच्या बोटांना आधीच सुताचा रंग, निळा, डाळिंबी. डाव्या तर्जनीवर शाईची रेघ ओढली तर ती दिसायचीच नाही. मी ओल्या फडक्याने एकेकीचं बोट पुसून घ्यायची. पुसताना कोण "बाई" म्हणायची, कोण "टीचर", कोण "अक्का". एक आजी मशीनजवळच थांबून राहिल्या. मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पडते, तेवढा वेळ त्यांनी श्वास रोखून धरला होता. बाहेर जाताना मला विचारलं, "माझं मत गेलं न्हवं?" ती शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते, 1962 पासून देशभर तीच जाते. त्या दिवसापासून कुणी मताची थट्टा केली की मला त्या आजी आठवतात.

तर आता मी काय करते ते सांगते. भडकवणारं काहीही आलं की रात्रभर पुढे पाठवत नाही, सकाळी ज्याच्याबद्दल आहे त्याला फोन करते. रात्री नऊनंतर ग्रुप बंद. आणि उमेदवारांची शपथपत्रं वाचते. मालमत्ता किती, गुन्हे कोणते, हे 2003 पासून प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं आणि निवडणूक आयोगाच्या साईटवर ते कुणालाही बघता येतं. प्रत्येक पक्षाचं पत्रक आमच्या दारात सुंदर मराठीत येतं, त्याच्याशेजारी शपथपत्र ठेवून वाचलं की पुष्कळ उलगडा होतो.

काकूंकडे मी बाजारातून आले त्याच दिवशी गेले. कढीपत्त्याची जुडी घेऊन. त्या दारातच म्हणाल्या, "व्हिडिओ सगळेच पाठवतात हो टीचर. तुम्ही पण पाठवलात की." मला काही बोलता येईना. त्यांनी चहा टाकला.

चहा पिता पिता आम्ही एक कागद केला. येत्या रविवारी प्रचाराला आमच्या गल्लीत जो येईल त्याला विचारायचं. राकसकोप धरणाचं पाणी आमच्या नळाला किती दिवसांनी आणि किती वाजता येणार. गल्लीतल्या दोन्ही शाळांत, मराठी आणि कानडी, रिकाम्या जागा कधी भरणार. कचेरीतले अर्ज मराठीतही मिळणार की नाही. हा तिसरा प्रश्न काकूंनी घालायला लावला. डाव्या बाजूला मी मराठीत लिहिलं, उजव्या बाजूला त्यांनी कानडीत. काल संध्याकाळी तो कागद मारुतीच्या देवळाच्या फाटकाला लावलाय. खाली पेन बांधून ठेवलंय, आज सकाळपर्यंत आणखी चार प्रश्न आलेत.