लेव्होग्लुकोसान ‘सापडलं’ असं कधी म्हणायचं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून जुने क्रोमॅटोग्राम (मिश्रणातली संयुगं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात त्याचे आलेख) पुन्हा काढून पाहिले, म्हणून उत्तराला उशीर झाला. हवेतल्या सूक्ष्म कणांवरच्या लेखात मी ‘संयुगं ओळखली’ असं लिहिलं होतं; त्यातलं एक म्हणजे लेव्होग्लुकोसान, वनस्पतींतलं सेल्युलोज जळताना तयार होणारं संयुग. त्यावर तुमचं म्हणणं असं, की इन्फ्रारेड प्रकाशाच्या आलेखात १७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास शिखर दिसलं म्हणून संयुग ओळखलं जात नाही, लायब्ररीने (माहीत असलेल्या संयुगांच्या आलेखांच्या संग्रहाने) ९० टक्के जुळणी दाखवली तरी तो अंदाजच, आणि त्यावरून ‘हा लाकडाचा धूर’ म्हणणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. माझं वाक्य ढिसाळ होतं, ते बदललं आहे. इन्फ्रारेडला दिसतात ते बंध. १७१५ प्रति सेंटिमीटरजवळचं शिखर एवढंच सांगतं की कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध आहे. तो आम्लातला, कीटोनमधला की आल्डिहाइडमधला, हे त्यावरून ठरत नाही. कणांत अमोनियम भरपूर असेल तर ३००० च्या वरचा त्याचा रुंद फुगवटा शेजारची कार्बन-हायड्रोजनची शिखरंही झाकोळून टाकतो. तरीही एफटीआयआर, म्हणजे ही इन्फ्रारेड मोजणी, मला सोडवत नाही, कारण टेफ्लॉनचा फिल्टर न विरघळवता, न जाळता त्यात कोणत्या प्रकारचे बंध किती, हे कळतं. नावासाठी मात्र दुसरीकडे जावं लागतं.

लायब्ररीबद्दल मात्र तुमचा गैरसमज झाला आहे, आणि तो माझ्या त्रोटक लिहिण्यामुळेच. लेव्होग्लुकोसानचं नाव आम्ही लायब्ररीवरून घेतलेलं नाही. क्वार्ट्झ फिल्टरची चकती कापून तिचा अर्क काढला, रेणूतल्या तिन्ही हायड्रॉक्सिल गटांवर सहज वाफ व्हावी म्हणून सिलिकॉन असलेले सिलिल गट चढवले आणि मग तो अर्क जीसी-एमएसमध्ये, म्हणजे संयुगं वेगळी करून त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणात, सोडला. २०४, २१७ आणि ३३३ वस्तुमानाचे तुकडे मिळाले. इथेच थांबलो असतो तर तुमचा आक्षेप बरोबर ठरला असता, कारण मॅनोसान आणि गॅलॅक्टोसान ही भावंडंसुद्धा १६२ वस्तुमानाचीच आणि त्यांचे तुकडेही जवळपास तसेच. लायब्ररी इथे सहज फसते. म्हणून तिन्हींचे शुद्ध नमुने त्याच दिवशी, त्याच कॉलमवर (संयुगं वेगळी करणाऱ्या नळीवर) चालवून बाहेर पडण्याची वेळ जुळवली. शेवटी अर्कातच थोडं शुद्ध लेव्होग्लुकोसान मिसळलं. शिखर उंच झालं, पण दुभंगलं नाही की त्याला खांदा (बाजूचा फुगवटा) फुटला नाही, म्हणजे दोन्ही एकच संयुग. एवढं झाल्यावर मी ‘ओळखलं’ म्हणतो. धुरातल्या बेंझो-ए-पायरीन या दुसऱ्या संयुगाचंही तसंच: २५२ वस्तुमानाची आणखी भावंडं त्याच धुरात असतात, पण माणसात कर्करोग घडवतात हे नक्की झालेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात नाव आहे ते त्याचं. तिथे नुसत्या मास स्पेक्ट्रमवर (तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखावर) नाव देणाऱ्याला मीही अडवेन.

एक अनुभव सांगतो. एका नमुन्यात १४९ चं मोठं शिखर आलं. प्लास्टिक जळाल्याची खूण, असं मी वहीत लिहूनही टाकलं. मग त्याच दिवसाचा ब्लँक चालवला, म्हणजे जागेवर नेऊन पंप न लावताच परत आणलेला कोरा फिल्टर. तिथेही १४९, तितकंच उंच. थॅलेट होतं ते, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन, फिल्टर ठेवायच्या पिशवीतून आलेलं. ते पान मी अजून फाडलेलं नाही. तेव्हापासून फिल्टर भट्टीत भाजलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्येच जातात.

राहिला लाकडाचा प्रश्न. सेल्युलोज ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापून तुटलं की लेव्होग्लुकोसान तयार होतं. डिझेल-पेट्रोलच्या ज्वलनातून ते येत नाही. पण पालापाचोळा, काड, कागद यांतही सेल्युलोज असतंच, आणि लिग्नाइट कोळशाच्या धुरातही ते सापडतं. तेव्हा ‘लाकूड’ हा शब्द मी काढला, ‘मुख्यतः वनस्पतिजन्य काहीतरी जळालं’ असं लिहिलं. शिवाय हवेतले हायड्रॉक्सिल रेडिकल (अतिशय क्रियाशील कण) लेव्होग्लुकोसान हळूहळू खातात, त्यामुळे लांबून आलेल्या धुराचा वाटा यावरून कमीच दिसतो.

‘मग सगळी संयुगं ओळखल्याशिवाय बोलूच नका’ हे तुमचं शेवटचं वाक्य मात्र मला पटत नाही. जीसी-एमएसने एकेक नाव देता येतं ते सेंद्रिय वस्तुमानाच्या साधारण १० ते २० टक्क्यांनाच. पण २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या कणांत मिथाइलटेट्रॉल ही दोन संयुगं ओळखली गेली, त्यांचा पाच कार्बनांचा सांगाडा आयसोप्रीनचाच (झाडं हवेत सोडतात त्या वायूचा) निघाला, आणि आयसोप्रीनपासून कण बनत नाहीत ही तोवरची समजूत मोडली. दोनच नावं होती ती.

शुद्ध नमुना मिसळण्याआधीचा, नंतरचा आणि ब्लँकचा असे तिन्ही क्रोमॅटोग्राम लेखात जोडले आहेत. मोठे करून पाहा, आणि कुठे खांदा दिसला तर नक्की कळवा.