दहा मिनिटं वापरलं आणि म्हणे बेकार आहे

काल रात्रीपासून डोकं फिरलंय, अजून शांत होत नाहीये. मित्र घरी आला होता, मी हौसेने लॅपटॉप पुढे केला, म्हटलं बघ, लिनक्सवर कॉस्मिक हा नवा डेस्कटॉप टाकलाय, डिसेंबर २०२५ मध्ये स्टेबल आला, जरा वापरून बघ. अजून धड बसलाही नव्हता आणि म्हणतो, 'अरे हे तर मॅकची कॉपी आहे.' खाली अॅपच्या आयकॉनचा डॉक दिसला, वर पट्टी दिसली, झालं, लागला निकाल. एक विंडो उघडलेली नव्हती अजून!

मग ब्राउझर उघडला, फाइल मॅनेजर उघडला, टर्मिनल उघडलं, तिन्ही एकावर एक, आणि काहीतरी शॉर्टकट मारायला गेला तर सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) आणि वाय एकत्र दाबलं गेलं. ज्यांनी वापरलंय त्यांना कळलंच असेल काय झालं ते. टायलिंग चालू झालं, तिन्ही विंडो सरकल्या आणि शेजारी शेजारी नीट बसल्या, कुणी कुणावर नाही. मला या डेस्कटॉपमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, आणि हा ओरडतो, 'गेलं! तुटलं!' अरे काय तुटलं? त्याच दोन कीज परत दाब, सगळं होतं तसं होतंय. वर पट्टीत टायलिंगचा आयकॉन समोर दिसतोय, तिथून बंद कर. मी दाखवायला हात पुढे केला तर हात बाजूला सारून म्हणतो, 'नको, मला हे असलं शिकत बसायचं नाही, डेस्कटॉप कसा आपोआप कळला पाहिजे.' आपोआप?? आत्ता जो वापरतोस तो काय आईच्या पोटातून शिकून आलास का? ऑल्ट-टॅब तुला मी शिकवलंय, मला नीट आठवतंय, तेव्हा नाही म्हणालास आपोआप कळलं पाहिजे म्हणून.

दहा मिनिटंही झाली नव्हती, मी घड्याळ बघितलं. सेटिंग्ज एकदाही उघडली नाहीत. डॉक नको असेल तर बंद करता येतो, डावीकडे उजवीकडे नेता येतो, वरची पट्टी खाली घेता येते, रंग बदलता येतात, हे सगळं तिथेच आहे, एक्स्टेन्शन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) शोधत हिंडावं लागत नाही. पण बघायचंच नाही ना. लॅपटॉप माझ्याकडे ढकलला आणि म्हणाला, 'बेकार आहे, कशाला हवा होता अजून एक डेस्कटॉप? आहे त्यातच सुधारणा करायच्या ना.'

हे वाक्य ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. आहे त्यातच करत होते रे ते! कॉस्मिक बनवणारे सिस्टम७६ कंपनीवाले त्यांच्या पॉप ओएस या लिनक्समध्ये ग्नोम या जुन्या डेस्कटॉपवर स्वतःची एक्स्टेन्शन्स चढवूनच चालवत होते, आणि ग्नोमची आवृत्ती दर सहा महिन्यांनी नवी येते, एक्स्टेन्शन मोडतं, मग ते दुरुस्त करा, परत सहा महिन्यांनी तेच. कुठवर करणार माणूस? शेवटी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं. कंपोझिटर (विंडो पडद्यावर मांडणारा भाग), पॅनेल, फाइल मॅनेजर, टर्मिनल, टेक्स्ट एडिटर, सगळं नव्याने. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिला अल्फा, म्हणजे कच्ची चाचणी आवृत्ती, आला, तिथून स्टेबलपर्यंत यायला सव्वा वर्षाच्या वर गेलं, आणि कोड सगळ्यांसाठी उघडा, दुसऱ्या डिस्ट्रोवरही, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावरही, खुशाल टाका. आणि हा माणूस दहा मिनिटांत सांगतो कशाला हवा होता.

हाच सल्ला आधी कुणी ऐकला असता तर आज काय वापरलं असतं आपण? केडीई, तेही डेस्कटॉपच, १९९६ लाच सुरू झालं होतं, पण ते क्यूटी नावाच्या ज्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) उभं होतं तिचं लायसन्स तेव्हा मोकळं नव्हतं, म्हणून १९९७ ला ग्नोम सुरू झालं. २०११ ला ग्नोम ३ आलं, मिनिमाइझचं बटण गायब, जुनी मांडणी गायब, लोक चिडले, आणि त्यातूनच माटे आलं, सिनॅमन आलं, दोन नवे डेस्कटॉप. माझा हा मित्र स्वतः सिनॅमन वापरतो! 'अजून एक' म्हणूनच जन्माला आलेलं आहे ते, तुझ्या समोर आहे रोज!

आणि युनिटी आठवतंय ना, उबुंटू या लिनक्सचा डेस्कटॉप? उबुंटू ११.०४ मध्ये मुख्य डेस्कटॉप म्हणून आलं तेव्हा काय शिव्या घातल्या होत्या लोकांनी, डावीकडचा तो लाँचर म्हणजे जसं काही पाप. २०१७ ला बंद करतोय म्हटल्यावर त्यातलेच कितीतरी जण हळहळायला लागले, किती छान होतं म्हणे. मग तेव्हा का नाही बोललात? केडीई ४.० चंही तेच, जानेवारी २००८ ला आलं, अर्धं कच्चं होतं हे खरं, पण करणाऱ्यांनी सांगितलं होतं की हे सगळ्यांसाठी नाही अजून. डिस्ट्रोवाल्यांनी तरी टाकलं आणि शिव्या खाल्ल्या केडीईने. त्याच कोडवर काम करत करत आजच्या प्लाझ्मापर्यंत, म्हणजे केडीईच्या आत्ताच्या डेस्कटॉपपर्यंत, आले ते लोक.

मी असं म्हणत नाहीये की तक्रार करू नका. जे उठसूट 'फुकट मिळतंय ना, मग गप्प बसा, नाहीतर स्वतः कोड लिहा' म्हणतात ना, त्यांचाही मला तितकाच राग येतो. मागे एका डेस्कटॉपवर माझी जोडाक्षरं फुटायची, 'क्ष' टाइप केला की क, हलंत आणि ष वेगवेगळे दिसायचे. मी आवृत्ती लिहिली, ग्राफिक्स कार्ड लिहिलं, कुठल्या अॅपमध्ये होतं, कुठल्यात होत नाही, एकेक पायरी लिहिली, स्क्रीनशॉट जोडले, दीड तास गेला माझा. उत्तर काय तर 'माझ्याकडे नीट चालतंय'. तू देवनागरी टाइप करतोस का? नाही. मग तुझ्याकडे काय चालतंय नीट? असल्या एका वाक्यामुळे खरी तक्रार तशीच पडून राहते, आणि दुसरीकडे 'बेकार आहे' वाल्यांच्या गर्दीत ती कुणाला दिसतही नाही. बेकार म्हणजे काय बेकार? फॉन्ट अस्पष्ट दिसतोय? दुसरा मॉनिटर ओळखत नाहीये? झोपवलेला लॅपटॉप उठत नाहीये? काहीतरी सांगा की, ज्याच्यावरून माणसाला काम करता येईल!

आणि शेवटचं तर ऐका. निघताना चप्पल घालता घालता म्हणतो, 'मघाशी एकदा स्क्रीन काळी झाली होती बरं का.' अरे मग तेव्हाच बोलायचं ना! हीच तर एक कामाची गोष्ट होती सगळ्यात. कधी झाली? काय उघडं होतं? एचडीएमआयच्या केबलला हात लागला का? चार्जर निघाला होता का? तर म्हणे, 'काय माहीत, आपोआप झाली.' आणि गेला. मी रात्री अडीचपर्यंत जर्नलसीटीएलचा लॉग (लिनक्स ठेवतं ती घडामोडींची नोंद) चाळत बसलो, तो आला तेव्हापासूनची ओळ न ओळ वाचली. केबल काढली, घातली, परत काढली, वीसेक वेळा. चार्जर काढून बघितला, झाकण मिटून उघडून बघितलं. एकदाही काळी झाली नाही. केबल सैल होती, की याचाच हात कुठे लागला, की खरंच काही बिघडलं होतं, आता कसं कळणार? सकाळी त्याला मेसेज केला, प्लीज आठव, नक्की काय करत होतास तेव्हा.

उत्तर आलं, 'सोड ना यार, मी कुठे परत वापरणार आहे.'