अकरा वर्षांच्या पोरीला आठवड्याला तीस तास? भाऊजी, जरा थांबा

परवा रात्री साडेअकराला घरच्या ग्रुपवर भाऊजींनी एक लांबलचक मेसेज टाकला. मथळा 'चॅम्पियन घडवणाऱ्या पालकांचे नऊ नियम', शेजारी ट्रॉफी, रॅकेट आणि जोडलेले हात. हाच मेसेज त्याच दिवशी मला रामबागेतल्या भिशीच्या ग्रुपवर आला होता, कोर्टावरच्या पालकांच्या ग्रुपवर तर दोनदा. तिथे मी गप्प बसले. इंदुरात सकाळच्या पोह्यांबरोबर असलं काहीतरी रोजच येतं. पण भाऊजींनी खाली लिहिलं, "सोमवारपासून आपल्याकडे हेच." आपल्याकडे म्हणजे माझ्या भाचीकडे. ती अकरा वर्षांची आहे आणि गेला महिनाभर डावी टाच टेकवताना तोंड वाकडं करते.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाकडून टेनिस खेळले, त्यापुढे काही नाही. पण भाचीला कोर्टावर नेणं-आणणं, रॅकेटचं गटिंग म्हणजे तारा बसवून आणणं आणि ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, लागला की नाव शोधणं ही कामं माझ्याकडेच आहेत. त्यामुळे मलाही बोलायचा हक्क आहे.

नियम दुसरा आधी घेते, कारण सगळं विष त्यात आहे. तो म्हणतो: 'दहाव्या वर्षापासून रोज पाच तास, आठवड्याचे सहा दिवस. दहा हजार तास पूर्ण झाले की चॅम्पियन तयार, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. दुखणे म्हणजे शरीरातील कमजोरी बाहेर पडणे.'

शास्त्राने असलं काही सिद्ध केलेलं नाही. दहा हजारांचा आकडा येतो बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. उत्तम वादकांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या रियाजाची ती सरासरी होती. सरासरी! म्हणजे कुणाचे तास त्याहून बरेच कमी. आणि व्हायोलिन वाजवताना कुणी सिमेंटच्या कोर्टावर उड्या मारत नाही.

आता पाच तास गुणिले सहा दिवस करा. तीस. तेव्हा शिकागोत असलेले क्रीडावैद्यक नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १८ वर्षांच्या सुमारे १२०० खेळाडू मुलामुलींची पाहणी केली. दुखापत घेऊन आलेली मुलं एका बाजूला आणि नुसत्या तपासणीसाठी आलेली धडधाकट मुलं दुसऱ्या बाजूला. २०१५ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ती छापून आली. त्यातून एक साधी मोजपट्टी निघाली: मूल जितक्या वर्षांचं, आठवड्याला त्याहून जास्त तास ते खेळाचा सराव करत असेल, तर अतिवापराच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण वाढलेलं दिसतं. शिस्तीतला सराव आणि मोकळं हुंदडणं यांचं प्रमाण दोनास एकच्या पुढे गेलं तरी तेच. हा काही कायदा नाही, एका पाहणीतून निघालेला अंदाज आहे, हे मलाही कळतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला अकरा तास आणि मेसेजवाले मागतात तीस. जवळजवळ तिप्पट. 'थोडं इकडेतिकडे' म्हणून हे सोडून देता येत नाही.

'कमजोरी बाहेर पडणे' म्हणजे नेमकं काय, तेही बघा. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो, हाड तिथून वाढतं. टाचेच्या त्याच जागी पोटरीचा मोठा स्नायुबंध ओढ लावत असतो. आठ ते चौदाच्या वयात धावणं आणि उड्या अती झाल्या की ती जागा सुजते, दुखते. डॉक्टर त्याला सेव्हर्स म्हणतात. विश्रांती दिली, पोटरी मोकळी केली, बुटात टाचेखाली मऊ पॅड घातलं की ते बरं होतं. आमच्या भाचीला हेच झालंय. तिच्या त्या वेळच्या कोचने काय सांगितलं? "टेप मारा आणि खेळवा, सवय होते." दोन आठवडे आम्ही मूर्खासारखे टेप मारत राहिलो. टाचेचं तरी एक वेळ निभावतं. सर्व्ह करताना कंबर मागे वाकवून पिळली जाते, आणि तीच कृती रोज शेकडो वेळा झाली तर कमरेच्या मणक्याच्या बारीक हाडाला तडा जाऊ शकतो. तरुण टेनिसपटूंत हे दुखणं ओळखीचं आहे. त्याला महिनोन्‌महिने लागतात. मुलाची पाठ दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर टेप नको, डॉक्टर गाठा.

याच ओघात चौथा नियम येतो: बाकीचे सगळे खेळ बंद. भाऊजींनी तर लगेच "खो-खो बंद" असं लिहूनही टाकलं. का हो? पाटीवरून उठून एका क्षणात दिशा पकडायची, खांबाला वळसा घालायचा, समोरच्याचा खांदा बघून तो कुठे पळणार हे ओळखायचं. टेनिस कोर्टाच्या मागच्या रेषेवर, बेसलाइनवर, दुसरं काय करायचं असतं? फेडरर बारा वर्षांचा होईपर्यंत फुटबॉलही खेळत होता. त्याचं काही बिघडलेलं दिसलं नाही.

मेसेजचा आवडता दाखला म्हणजे विल्यम्स बहिणींचे वडील: 'त्यांनी पोरींना दयामाया दाखवली नाही, म्हणून इतिहास घडला.' हे वाचून मी खरंच हसले. कारण याच मेसेजचा सहावा नियम सांगतो की दर आठवड्याला स्पर्धा खेळवा, बारा वर्षांखालचं रँकिंग हेच भविष्य. आणि त्याच रिचर्ड विल्यम्स यांनी सेरेना दहा वर्षांची असताना मुलींना राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांना पाठवणंच थांबवलं होतं. दाखला देण्याआधी निदान वाचा तरी! बारा वर्षांखालच्या ड्रॉमध्ये बऱ्याचदा जिंकतं ते आधी उंच झालेलं मूल. नदाल ज्युनियर गटातली ग्रँड स्लॅम स्पर्धा एकदाच खेळला, २००२ची विम्बल्डन, आणि उपांत्य फेरीत हरला. दुसऱ्या टोकाला अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती. १९९०मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली आणि अठराव्या वर्षाच्या आत खेळापासून तुटली. पुढे ती परतली, २००१मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत. त्यानंतर महिला टेनिसने वयाचे नियम कडक केले. चौदा पूर्ण झाल्याशिवाय व्यावसायिक स्पर्धा नाही आणि पुढेही काही वर्षं स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा. ज्यांचा हा धंदा आहे ते स्वतः लगाम घालतात, आणि आपण इथे चाबूक शोधतो.

बाकीचे नियम भराभर. 'सहाव्या वर्षी सुरुवात नाही तर कधीच नाही.' रोहन बोपण्णाने अकराव्या वर्षी रॅकेट धरली आणि २०२४मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनचं पुरुष दुहेरी जिंकलं. 'लाल-नारिंगी चेंडू म्हणजे खेळणी, थेट पिवळ्यावर आणा.' हे चेंडू मऊ, कमी उसळणारे, लहान मुलांसाठीच केलेले. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीच्या पिवळ्या चेंडूला मनाईच केली आहे. पिवळा चेंडू उसळून लहान मुलाच्या खांद्याच्या वर जातो, मग मूल रॅकेट चुकीची धरून कसंबसं ढकलत राहतं, आणि ती ग्रिप मोडायला पुढे वर्षं जातात. 'शाळेत डमी प्रवेश घ्या', म्हणजे नाव शाळेत, मूल दिवसभर कोर्टावर. सोमदेव देववर्मन अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसमधून वर आला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी आपली ऋतुजा भोसलेही तिथेच शिकली. तिथे प्रवेश देताना नववीपासूनचे गुण बघतात. डमी शाळेने तो दरवाजा आपणच लावून घ्यायचा का?

एक नियम मात्र मला विशेष झोंबला: 'हरल्यावर गाडीतच चुका सांगा, जखम ताजी असताना शिकवण पक्की बसते.' मुलांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुतेक वेळा चेअर अंपायर, म्हणजे उंच खुर्चीवरचा पंच, नसतो. गुण मुलं स्वतः मोजतात, चेंडू आत की बाहेर हेही स्वतःच सांगतात, आणि कोर्टाच्या कुंपणाबाहेरच्या आईबापांनी तोंड उघडायचं नसतं. दीड तास हे सगळं एकटीने केलेल्या पोरीला आपण कुठे हरलो हे माहीत नसतं का? मागच्या वेळी भोपाळहून परतताना भाची आष्ट्यापर्यंत एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. आष्ट्याला तिने कचोरी मागितली, आणि देवासच्या अलीकडे मला विचारलं: "मावशी, माझा सेकंड सर्व्ह आखूड पडतो ना?" शिकवण बसली की!

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करते. नववा नियम म्हणतो, टेनिसला पैसा लागतो आणि पालकाला वेळ द्यावा लागतो. लागतो. चेंडूंचे डबे, गटिंग, बूट, एंट्री फी, तिकिटं, लॉज, आणि कुणीतरी एक मोठं माणूस सोबत. मध्यमवर्गीय घराचं कंबरडं मोडतं, यात खोटं काही नाही. पण मग दर आठवड्याला स्पर्धा कुणाच्या पैशाने? तेच पैसे चांगल्या फिजिओला आणि महिन्यातल्या एखाद-दुसऱ्या स्पर्धेला पुरवून पुरतील.

भाऊजी, हे सगळं ग्रुपवर टाकते आहे, रागावलात तरी चालेल. डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीचे अजून तीन आठवडे बाकी आहेत. पुढच्या स्पर्धेतून नाव मागे घेत असल्याचा मेल ताईने आणि मी काल रात्रीच पाठवला. सोमवारी संध्याकाळी ती माझ्याबरोबर पोहायला येईल. तुम्हीही या, टॉवेल आणा.